मंडईतला मोकळा चौक

पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीसाठी मंडई बांधायची ठरली, ते साल १९५६. नकाशा सोपानराव नेवाळ्यांचा. अंधाऱ्या, कोंदट बाजारांचा त्यांना मनस्वी तिटकारा. भाजीचा खरा रंग दिसावा, माणसाला कुठूनही कुठं सरळ जाता यावं, एवढाच त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी छताला उत्तरेकडून काचा बसवल्या आणि मधल्या चौकात एकही खांब ठेवला नाही.

मंडई भरली. पहिल्याच सकाळी सज्जातून पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की चौकाच्या ऐन मध्यावरून कोणी जात नव्हतं. माणसं सरळ यायची, चार पावलांवर वळसा घालायची, पुन्हा सरळ व्हायची. बोलता बोलता, खालीही न बघता. जागा खाटेएवढी, उजेडानं लखलखीत. आठवड्याभरात सगळ्या चौकात पायांची माती साचली; तेवढा तुकडा कोरा राहिला.

त्यांनी कोपऱ्यावर मेथी विकणाऱ्या अंबूबाईला विचारलं, "तिथून का जात नाही कोणी?"

"आमी जातोच की," ती म्हणाली. मग मेथीची जुडी बांधत, "पाय जात न्हाईत."

ठेकेदार दौलतराव म्हणाला, "साहेब, तिथं एक गाळा टाकून देऊ. जागा वायाच जाते."

"भिंत नाही आणि खांबही नाही. चौक मोकळाच राहणार," सोपानराव कडाडले.

दुसऱ्या दिवशी, भर बाजारात, ते खुर्ची घेऊन त्या तुकड्यावर जाऊन बसले.

बसताक्षणी गलका मंदावला, कानात कापूस घातल्यासारखा. उजवा दंड गार पडला. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती. धक्का कोणाचा लागत नव्हता.

अंबूबाई पाटी घेऊन समोरून आली.

"या, सरळ या!" ते ओरडले.

ती थबकली. "तुमा दोघांच्या मधनं कशी येऊ?"

सोपानरावांनी उजवीकडे पाहिलं; कोणीच नव्हतं. तरी ते उठले नाहीत. खुर्चीचे हात धरून दुपारपर्यंत बसले.

दोनच्या सुमारास एक बाई त्यांच्या खुर्चीला घासून गेली. मग हातगाडी गेली. मग सगळेच जाऊ लागले, सरळ.

जिंकल्यासारखे ते घरी चिंचवडला आले. खोली लहानशी, चुलीपासून दारापर्यंत चार पावलं. त्यांच्या पत्नी कुसुमताई चहा घेऊन निघाल्या त्या भिंतीला चिकटून, ट्रंकेला वळसा घालून, डावीकडून आल्या.

"सरळ का नाही आलीस?"

"सरळच तर आले."

सोपानरावांनी स्टूल ओढलं, खोलीच्या मधोमध मांडलं आणि त्यावर बसले.

"मी हलणार नाही," ते उजवीकडे बघून म्हणाले.

कुसुमताईंनी त्यांच्या हातात कप दिला. आणि परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा, नकळत, डोक्यावरून पदर घेतला.