रोज सकाळी चालू होणारी स्कूटर

बाकी काही बघण्याआधी तिने गॅरेजबाहेर विकायला लावलेल्या जुन्या गाड्यांच्या रांगेतल्या त्या छोट्या स्कूटरच्या इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम आहे! फसवायला मीच सापडले का?"

गॅरेजवाल्याने हातातल्या पान्यावरून मान वर केली... तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

तिच्या मामाने उभा जन्म ट्रक चालवण्यात घालवला होता. त्याने बजावलं होतं, जुनी गाडी सकाळी बघायची, थंड असताना. गरम असेल तर समजायचं, दुकानदाराने आधीच चालू करून तिचं दुखणं झाकलंय. मामाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गाडी तिला सोमवारच्या आत हवी होती. नर्सिंगचं दुसरं वर्ष. दोन बस बदलून पोचेपर्यंत हजेरी होऊन गेलेली असायची. आणखी तीन खाडे झाले, तर परीक्षेला बसू देणार नव्हते. रांगेतल्या इतर गाड्यांवर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. उंची देताना देवाने हात आखडता घेतला, त्याला ती तरी काय करणार! या एकाच गाडीवर दोन्ही पाय नीट टेकले, आणि नेमकी हीच गरम.

"ती विकायची नाही," गॅरेजवाला म्हणाला.

"मग रांगेत कशाला?"

"बाबांनी लावलीय."

दुसऱ्या दिवशी ती सातलाच आली. इंजिन पुन्हा गरम! ती तोंड उघडणार, तोच आतल्या खुर्चीवरून त्याचे वडील म्हणाले, "पोरी, फसवत नाही तो. ही त्याच्या आईची गाडी. शाळेत शिकवायची ती. तिला जाऊन आठ महिने झाले... हा रोज सकाळी गाडी चालू करतो, पाच मिनिटं ऐकतो आणि बंद करतो. मी म्हणतो, अरे, गाडी चालवायला असते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती त्याच्याजवळ गेली.

"माझं चुकलं."

"आई लवकर निघायची," तो हळू आवाजात म्हणाला. "मी अर्धवट झोपेत हा आवाज ऐकायचो. आता तो ऐकला नाही, तर—दिवस सुरूच होत नाही माझा."

"मी दुसरी बघते ना. ती निळी."

"पाय टेकणार नाहीत."

"उंच टाचा घालीन."

तो हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच हसला असावा, कारण आत वडिलांनी मान वळवून पाहिलं. ते हसू तिला फार आवडलं. प्रेमात पडायची ही काय जागा, असं तिने स्वतःला दटावलं. पण घरी जाताना बसमध्ये तिचा थांबा चुकला.

शनिवारी ती निळीच घ्यायची ठरवून आली. तो आईच्या गाडीपाशी उभा होता.

"हात लाव," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'.

इंजिन गार होतं.

"आज—"

"नाही केली चालू. तुझ्यासाठी थंड ठेवलीय. नीट तपासून घे."

त्याचे डोळे लाल होते. तिला त्याला नको म्हणायचं होतं, पण नको म्हटलं तर त्याची सगळी सकाळ फुकट गेली असती. तिने किक मारली. काही नाही. दुसरी. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली, तसे त्याने डोळे मिटून घेतले. ती गाडीपासून हलली नाही. घड्याळ लावून पाच मिनिटं तिने गाडी तशीच चालू ठेवली आणि मग बंद केली.

"सोमवारपासून सकाळी काय करणार तुम्ही?"

"माहीत नाही..." मग गाडीचा आरसा पुसत, "तुझी वाट बघेन बहुतेक. कालपासून तेच करतोय."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"माझा रस्ता इकडून जात नाही. वळसा पडतो, दहा मिनिटांचा."

"नको मग. हजेरी चुकेल तुझी."

"नाही चुकायची," ती म्हणाली. "मी दहा मिनिटं लवकर उठेन."