रक्ताचा थेंबही नसलेले पाच भयपट

रक्तपेढीत त्या सकाळी खाटा सहा होत्या आणि रक्तदातेही सहाच. पाच जण खाटांवर होते, एक फरशीवर.

फरशीवरच्याला अजून सुई टोचलीही नव्हती. शेजारच्याच्या पिशवीत रक्त उतरताना दिसलं आणि गडी आडवा! तिथल्या तंत्रज्ञ मुलीने त्याचे पाय स्टुलावर ठेवले आणि तो डोळे उघडेपर्यंत शेजारी उकिडवी बसून राहिली.

"काय काम करता?" शुद्ध नीट आली का, हे पाहायला तिने विचारलं.

"वर्तमानपत्रात... भयपटांवर लिहितो."

ती इतकी हसली की पलीकडच्या खाटेवरच्या काकांनी मान वळवून पाहिलं.

"हसा, हसा! त्यात आता हॅलोवीनच्या पुरवणीसाठी यादी हवीय. घरबसल्या पाहायचे पाच भयपट. आणि रक्त दिसलं की मी डोळे मिटतो. अर्ध्या चित्रपटांवर मी नुसतं ऐकून लिहिलंय."

"मग बिनरक्ताचे निवडा की. मी दिवसभर रक्तच पाहते, घरी जाऊन आणखी कोण पाहील? पण बंद दाराची कडी आपोआप हलली, की माझी बोबडी वळते."

"असे पाच सांगाल?"

"सांगणार नाही, दाखवेन. रविवारी दुपारी, पडदे ओढून. घरी आत्या असते — आधीच सांगून ठेवते."

आत्या होतीच. सोफ्यावर मधोमध, मांडीवर विणकाम घेऊन. पहिल्या चित्रपटात एक रिकामी खुर्ची दर प्रसंगात वीतभर पुढे सरकायची. तो श्वास रोखून बसला, तिने उशीत तोंड खुपसलं आणि आत्या म्हणाली, "एवढी सरकतेय तर बसा म्हणावं कुणीतरी तिच्यावर!"

दुसऱ्या रविवारी 'अहो'चं 'अरे' झालं. तिसऱ्या रविवारी ती 'सुईवाली' झाली आणि तो 'पडेल समीक्षक'. चौथ्या रविवारी चित्रपट संपल्यावर तो तासभर दारात उभा राहून बोलत होता... चपला घालून.

पाचव्या रविवारी मात्र सकाळपासून तिने तीनदा पडदे ओढले आणि तीनदा उघडले. आज यादी पुरी होणार. मग त्याने या घरी यायचं तरी कशाच्या निमित्ताने? आपणच बोलावं, तर... शेकडो हातांत न डगमगता सुई टोचणारी ती, नुसत्या विचाराने पुन्हा सोफ्यावरच्या उशा झटकू लागली.

"लोकरीचा गुंता झालाय बाई, मी आतच बसते," म्हणत आत्या उठून गेली. लोकर अगदी नीट गुंडाळलेली होती.

चित्रपटातल्या घरात रोज एक दिवा आपणहून विझत होता. शेवटचा एकच उरला, तसं तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"घाबरलीस?"

"छे! नाडी बघतेय तुझी. पुन्हा आडवा झालास म्हणजे?"

"यात रक्त कुठाय?"

"गप्प बस, मोजू दे." घड्याळाच्या काट्याकडे बघत ती पुटपुटत राहिली. दिवा विझला, पडद्यावर नावं सरकू लागली. "एकशे आठ! किती घाबरट आहेस रे!"

मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तिचे कान तापले.

"काय झालं?"

"चुकलं माझं... मी अंगठा ठेवला होता."

"मग?"

"अंगठ्याने कधी मोजायची नसते. त्याला स्वतःची नाडी असते. ते एकशे आठ... माझे होते."

"दिवा विझला म्हणून?"

"यादी संपली म्हणून." आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "यादी संपली तरी तू येत जा. मला... तू इथे असलेला आवडतोस."

बाही वर सारून त्याने हात तिच्यापुढे धरला.

"आता माझी मोज. नीट."

"झाला का गं चित्रपट?" आतून आत्याने विचारलं.

"नाही!" दोघंही एकदम ओरडले.

तिने त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि काट्याकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजलं.

एकशे सोळा.