तीस वर्षे टिकेल अशी वाइन

त्या दुपारी ज्या चार वाढप्यांनी ती वाइन प्यायली, ते संध्याकाळी आपापल्या घरी सुखरूप पोहोचले. ज्या तिघा तज्ज्ञांनी ती चाखून थुंकून टाकली, त्यांपैकी एकाचा गळा फुटक्या काचेने चिरला गेला, दुसऱ्याचा जबडा मोडला आणि तिसरा, श्रीरंग खांडबहाले, खुनाच्या आरोपाखाली कोठडीत गेला. तिघांच्याही रक्तात दारू सापडली नाही, विषही सापडले नाही. वाइन सगळ्यांनी एकाच बाटलीतली घेतली होती.

गंगापूर धरणाच्या काठावरच्या त्या वाइनगृहात श्रीरंगची धाकटी बहीण यामिनी पहिल्यांदाच येत होती. ती रसायनशास्त्रज्ञ होती आणि मसाल्यांच्या वासांवर काम करत असे. चाखणीच्या खोलीतले डाग पोलिसांनी अजून पुसू दिले नव्हते. त्यांतले वाइनचे कोणते आणि रक्ताचे कोणते, हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नव्हते. दोन्ही सारखेच तपकिरी पडले होते.

"बघवणार नाही तुम्हाला," निरीक्षक कुशारे म्हणाले आणि चित्रफीत सुरू केली.

चित्रफितीला आवाज नव्हता. टेबलाभोवती श्रीरंग, त्याचा जुना मित्र नेविल दस्तूर आणि फ्रान्समधल्या बोर्दोहून नमुने घेऊन आलेला एतिएन मोरो बसले होते. तिघांनी जिभेवर पारदर्शक पट्ट्या ठेवल्या, घोट घेतले, ते तोंडात खेळवले आणि टेबलाखालच्या भांड्यात थुंकले. श्रीरंग काहीतरी बोलला. नेविल हसला. तिघांनी दुसरा घोट घेतला, पुन्हा थुंकला आणि त्यानंतर कोणीच हसले नाही. एतिएनने दुसरी एक बाटली उचलून श्रीरंगच्या खांद्यावर घातली. नेविलने एतिएनचे डोके धरून टेबलाच्या कडेवर आपटले, पुन्हा आपटले. श्रीरंगने हातातला ग्लास फोडला आणि दांडा मुठीत धरून तो नेविलच्या गळ्यात खुपसला. तो थांबला नाही. नेविल खाली कोसळल्यावरही त्याचा हात चालूच राहिला.

यामिनीने चित्रफीत मागे घेतली आणि पुन्हा पाहिली.

"ही पट्टी कसली?" तिने विचारले.

"परिपाकपट्टी म्हणतात. मोरोच्या नमुन्यांत त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. बाकी तुमच्या भावालाच विचारा, मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या लेखी सरळ गोष्ट आहे. दस्तूर म्हणाला, ही वाइन आठ वर्षांत मरेल. तुमचे बंधू म्हणाले, तीस वर्षं टिकेल. शब्दाला शब्द वाढला."

"त्यासाठी कोणी गळा चिरतं?"

"मॅडम, बांधावरच्या बाभळीसाठी चिरलेले गळे पाहिलेत मी."

श्रीरंगला बेड्या घालून आणले तेव्हा तो त्या डागांकडे न पाहता खुर्चीत बसला. नेमाप्रमाणे त्याचा एक हात टेबलाच्या पायाला अडकवण्यात आला.

"दादा, मला नीट सांग. तुम्ही काय करत होतात?"

"नवी तांबडी वाइन तुरट असते, यामू. कच्चं जांभूळ चावल्यासारखी. हा तुरटपणा टॅनिनचा. बाटलीत वर्षानुवर्षं पडून टॅनिनचे कण एकमेकांत गुंततात, जड होतात आणि वाइन मऊ पडते. आज तोंड आवळणारी वाइन वीस वर्षांनी कशी लागेल, हे आम्ही अंदाजाने सांगायचो. आंबटपणा किती, फळ किती, तुरटपणा हिरड्यांवर बसतो की घशात, यावरून."

"आणि पट्टीने?"

"पट्टीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, तेच काम तोंडात करतात, अर्ध्या मिनिटात. वीस वर्षांनंतरची चव आजच कळते. म्हणजे आमचा धंदाच बसला, असं नेविल म्हणत होता." तो मोकळ्या हाताच्या मुठीकडे पाहू लागला. "त्याने चिडवलं मला. पण मी रागावलो नव्हतो गं. शपथेवर सांगतो, मी रागावलो नव्हतो. मग एकदम फक्त त्याचा गळा दिसत होता."

कुशाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिले. अशा शपथा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

वाढप्यांनी चाखणीआधी वाइन पिताना पाकिटातल्या पट्ट्याही जिभेवर ठेवून पाहिल्या होत्या, म्हणून पोलिसांनी पट्टीवरचा संशय सोडून दिला होता. पट्टी बनवणाऱ्यांनीही शेकडो माणसांवर तिची चाचणी घेतली होती. यामिनीला त्या चाचणीत खोट दिसत नव्हती. तिला एवढेच दिसत होते की चित्रफितीतली माणसे वाढप्यांपेक्षा काहीतरी वेगळे करत होती. काय करत होती, ते तिला करून पाहायचे होते.

"बाटलीत उरलेली वाइन आहे, पट्ट्या आहेत. इथेच, तुमच्यासमोर," ती म्हणाली.

"तुम्हाला खुर्चीला बांधतो मग."

"बांधलंत तर हात उचलावासा वाटला की नाही, हे कळणार कसं?"

कुशाऱ्यांनी मान डोलावली, पण काचेचा ग्लास काढून घेतला आणि स्टीलचा पेला दिला. तिच्या मागे दोन महिला पोलीस उभ्या राहिल्या.

तिने आधी नुसती पट्टी चघळली. काहीही झाले नाही. मग पट्टीसोबत घोट घेऊन गिळला. तुरटपणा जिभेवरच विरघळला आणि मागे वाळलेल्या पानांची, जुन्या चामड्याची, तंबाखूची चव उरली. ती बराच वेळ वाट पाहत बसली. नाडी संथ होती, चित्त शांत होते.

"झालं समाधान?" कुशारे म्हणाले.

"दादा, तुम्ही गिळत नाही. तोंडात नेमकं काय करता?"

"भुरका मारतो. ओठांचा चंबू करून वाइनमधून हवा आत ओढायची. घुळघुळ असा आवाज आला पाहिजे. ती हवा घशामागून नाकात चढते. निम्मी चव तिथेच असते."

"आमच्याकडे आमटीचा असा भुरका मारला की आई पाठीत रपाटा घालायची," कुशारे म्हणाले. एक पोलीस बाई हसल्या.

यामिनीने पट्टीविना भुरका मारून पाहिला. तिला ठसका लागला, वाइन हनुवटीवर ओघळली.

"अगं, चहा नाही तो! इकडे सरक, दाखवतो." तिने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. दुसऱ्या खेपेला आवाज बरोबर आला आणि तिने वाइन भांड्यात थुंकली. तरीही काही झाले नाही.

मग तिने पट्टी जिभेवर ठेवली, घोट घेतला, अर्धे मिनिट थांबली आणि हवा आत ओढली.

आधी वास आला, ओल्या मातीचा आणि लोखंडाचा. तो नाकाच्या मुळाशी थांबला नाही, आणखी वर गेला. राग आल्यासारखे तिला वाटले नाही. कुठलीशी एक गाठ सुटल्यासारखे वाटले. खोलीत एकच गोष्ट उरली होती आणि ती अतिशय जवळ होती. पेल्याची कड एखाद्या हाडावर आदळल्याचे तिला हाताला कळले. तो आघात चांगला वाटला, म्हणून तिने पुन्हा मारले. कोणीतरी तिचे नाव घेऊन ओरडत होते. त्या आवाजाचे तोंड बंद करायला तिने त्यावर दात रोवले. खारट, गरम. मागून हात पडले तेव्हा तिने एकीचे बोट पिरगाळले, ते मोडल्याचा आवाज ऐकला आणि पुन्हा समोरच्यावरच झेपावली. समोरचा हात वर करत नव्हता. त्याचा एक हात टेबलाला बांधलेला होता आणि दुसरा त्याने उचलला नाही.

तिला जमिनीवर दाबून धरले होते, तेव्हा ते जसे आले तसे निघून गेले. तिच्या दातांत कातडीचा तुकडा होता. श्रीरंगची भुवई फाटून डोळ्यावर लोंबत होती, खालचा ओठ जागेवर नव्हता.

"दादा..."

"किती वर्षं टिकेल?" त्याने फाटक्या तोंडाने विचारले.

तिने दातांतला तुकडा थुंकून टाकला. 

कुशारे भिंतीला टेकून उभे होते. "माझ्यावर का नाही धावलात?" ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळपासून मी तुमच्या भावाला खुनी म्हणतोय."

"तुम्ही लांब होतात," यामिनी म्हणाली.

दवाखान्यात श्रीरंगला टाके घालून होईपर्यंत तिने आपला जबाब सांगितला. कुशाऱ्यांनी तो स्वतः उतरवून घेतला.

पट्टीतली विकरे टॅनिन गुंफतात तेव्हा त्यातून एक हलका, पटकन उडून जाणारा रेणू सुटा होतो. वाइन गिळली तर तो पोटातल्या आम्लात नष्ट होतो. चाचणीतल्या माणसांनी ती गिळली होती, वाढप्यांनीही गिळली होती. तोंडातल्या कोमट वाइनमधून हवा ओढली तर तो हवेबरोबर घशामागून नाकात चढतो आणि गंधाच्या नसांवाटे थेट मेंदूतल्या आक्रमणाच्या केंद्रापर्यंत जातो. या वाटेत रक्त लागत नाही, म्हणून रक्तात काही सापडत नाही. वाइनचे आयुष्य जोखणारे लोक वाइन गिळत नाहीत, भुरका मारतात. त्या खोलीत भुरका मारणारे तिघे होते आणि तिघांनाही हे झाले. हा रेणू माणसाला शत्रू निवडू देत नाही. हाताशी असेल त्याच्यावर हात पडतो. नेविल दस्तूर श्रीरंगच्या शेजारी बसला होता. यापलीकडे कारण नाही.