चाकावरची खडूची रेघ

"चढ की गं बाई!" काकांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिन किंचाळलं, पण गाडी आजारी गोगलगायीसारखी सरकत राहिली.

तलावाकाठी तंबू ठोकायला निघालेली मंडळी पहिल्याच मोठ्या चढावर अडकली होती. मागच्या सीटवर तंबूच्या गाठोड्यापाशी बारा वर्षांची टिटवी आणि काकांचा मुलगा मुंगळा चेपून बसले होते. टिटवीचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, पुढे काकांशेजारी होता.

"टायर घसरतायत!" काका वैतागले. "कालच नवे बसवले आणि आज ही तऱ्हा! त्या टायरवाल्या बाईनं नकली माल गळ्यात मारला!"

"ही तर फसवणूक!" टिटवी ओरडली. तिला टिटवी हे नाव उगीच पडलं नव्हतं!

काकांनी गाडी माघारी वळवली. टायरचं दुकान घराजवळच्या कोपऱ्यावर होतं. ते चालवणाऱ्या मावशी बेकरीवाल्याच्या गाडीला नवा टायर बसवत होत्या. काका गाडीचं दार उघडेपर्यंत टिटवी मावशींसमोर उभी!

"मावशी, तुम्ही आम्हाला नकली टायर दिलेत! चढावर नुसते गरागरा फिरतात! अपघात झाला असता म्हणजे?"

"फिरताना तू पाहिलेस?" मावशींनी विचारलं.

"पाहायला कशाला हवं? आवाज केवढा येत होता!"

बेकरीवाला चपापला. "मावशी, माझा जुनाच टायर परत लावा. नंतर बघू." मावशी खाली बसून घट्ट केलेले नट पुन्हा सैल करू लागल्या.

"शाब्बास! अशी खमकी पाहिजे!" काका म्हणाले. टिटवीची मान ताठ झाली.

घरी आल्यावर दादा हळूच म्हणाला, "मी आरशात पाहिलं होतं. टायर घसरले असते तर रस्त्यावर काळे पट्टे उमटले असते. एकही नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू कुणाला बोलू देतेस का?"

टिटवी उठली आणि चाक खरंच घसरतं का ते बघायला खडू घेऊन आली.

घरामागे एक लहान चढ होता. या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवायचं, म्हणून तिनं पुढच्या टायरवर आडवी पांढरी रेघ ओढली. तिघं फुटपाथवर उभे राहिले.

"तुमची हौस म्हणून हं!" म्हणत काकांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढवायला सुरुवात केली. इंजिनानं आकाशपाताळ एक केलं. रेघ मात्र सावकाश वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मुंगळ्याला ते फेरे आरामात मोजता येत होते! जळक्या पुठ्ठ्यासारखा वास सुटला.

"चाक घसरलं असतं तर भिंगरीसारखं फिरलं असतं, रेघ दिसलीच नसती!" दादा म्हणाला. "इथे इंजिन पळतंय, पण चाक पळतच नाही."

"म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही!" टिटवीचा आवाज बारीक झाला. "मधे असतो क्लच. घसरतोय तो क्लच!"

गाडी गॅरेजात नेल्यावर मेकॅनिकनं खात्री करून घेतली. सगळ्यांना बाजूला उभं करून त्यानं हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय अलगद उचलला. "क्लच धड असेल, तर आता इंजिन गचका खाऊन बंद पडेल." पण इंजिन मजेत घुरघुरत राहिलं!

"क्लचप्लेट झिजून संपलीय. टायरचा काही दोष नाही. सतत क्लचवर पाय टेकवून कोण चालवतं? त्यानंच ती झिजते."

"बाबा!" मुंगळा म्हणाला. "त्यांचा डावा पाय तिथेच मुक्कामाला असतो!"

काका एकदम पंख्याकडे बघू लागले. "पोरांनो, रोग बरोबर ओळखलात!" मेकॅनिक हसला. टिटवीला मात्र धरणी दुभंगावी असं वाटलं. नट सैल करणारे मावशींचे हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"मावशींना सांगायला हवं, काका," ती जेवताना म्हणाली.

"आता कशाला? लोक विसरतात गं!"

क्लच नवा बसला. पुन्हा सगळे तलावाकडे निघाले. कोपरा येताच मुंगळ्यानं टिटवीला कोपरानं ढोसलं. "बाबा, चाकात हवा कमी वाटतेय!"

"कुठल्या?"

"चारही चाकांत!"

काकांना दुकानापुढे थांबावंच लागलं. आत दोन-तीन गिऱ्हाइकं होती. टिटवी उतरली.

"मावशी..."

"हवा भरायचीय?"

"नाही. टायर चांगले आहेत. आमचा क्लच गेला होता. मी न बघताच तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. चुकले मी!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. मावशींनी फडक्याला हात पुसले. "बेकरीवाला त्या दिवसापासून आला नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे टिटवीला जास्तच लागलं.

"मी त्यांना सांगून येते!"

तेवढ्यात काका गाडीतून उतरले. चेहरा पडलेला होता. "पोर एकटी नाही चुकली, मावशी. सुरुवात मी केली. चल गं, मीही येतो."

बेकरीत गर्दी होती. तिथेही टिटवीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. काकांनी तर डाव्या पायाचीसुद्धा कबुली दिली! बेकरीवाला पोट धरून हसला. मग गंभीर झाला. "मीही विचारपूस न करता उठून आलो की!"

दोघं परत आले तेव्हा मावशी दादाकडून खडूच्या रेघेची हकिगत ऐकत होत्या. "फार हुशार आहात रे!" त्यांनी टिटवीच्या पाठीवर थाप दिली. "मान वर कर."

"नको, मावशी. लाज वाटते."

"वाटू दे थोडी. लाज वाटली म्हणून तर आलीस ना?"

टिटवीनं डोळे पुसत वर पाहिलं. बेकरीवाल्याची गाडी दुकानापुढे येऊन थांबत होती आणि मावशी जॅक उचलायला वळल्या होत्या.