आजोबांची मुकी फळी

मुलांनो, दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवा आणि कल्पना करा, की टेबलावरून एक छोटी आगगाडी चालली आहे. एकेक डबा वीतभर लांब. चाकांची थरथर तळव्यांना जाणवते का? दहा वर्षांच्या विनी सटक्लिफला ती दर शनिवारी सकाळी जाणवायची.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावी चर्चमागच्या हॉलमध्ये खेळण्यातल्या गाड्यांचं मंडळ जमायचं. प्रत्येक सभासदाने आपापल्या घरी एकेक फळी तयार केली होती. कुणाच्या फळीवर पूल, कुणाच्या टेकडी. सगळ्या फळ्या बोल्टने जोडल्या की हॉलभर फिरणारा रूळमार्ग तयार व्हायचा. प्रदर्शनाला आता आठच दिवस उरले होते आणि गाडीचा खडखडाट काही केल्या कमी होत नव्हता.

"गेल्या वर्षी एक बाई मला काय म्हणाल्या ठाऊक आहे?" मंडळाचे चिटणीस हॅल्स्टेडकाका म्हणाले. "म्हणाल्या, गाडी छान आहे हो, पण कॉफी कशाला दळताय?"

विनी खळखळून हसली. काकांनी मात्र तिला नीट समजावलं. आवाज म्हणजे थरथर. चाक रुळाला हलवतं, रूळ फळीला हलवतो, आणि खालून पोकळ असलेली फळी ढोलासारखी घुमते. म्हणून रुळाखाली बुचाच्या लाकडाची पट्टी घालायची. स्क्रू आरपार मारायचे नाहीत, नाहीतर थरथर त्यातून खाली उतरते. खडी चिकटवायला वाळल्यावरही लवचीक राहणारा डिंक घ्यायचा.

विनीच्या आजोबांच्या फळीत यातलं काहीच नव्हतं. पातळ प्लायवूड, आरपार स्क्रू, दगडासारखी घट्ट झालेली खडी. खरं तर सगळ्यात जास्त आवाज तिनेच करायला हवा होता. पण गाडी त्या फळीवर चढली, की कात्रीने कापावा तसा आवाज तुटायचा. बोगद्यातून पलीकडच्या फळीवर आली, की पुन्हा खडखड सुरू.

काकांनी त्या फळीवर चमचा टाकून पाहिला. चमचा उडाला, पडला, आवाज नाही. मग ते वाकून मुद्दाम खोकले. त्यांचे खांदे हलले, खोकला ऐकू आला नाही. ते हसतच सरळ झाले, पण पुन्हा त्या फळीवर वाकले नाहीत.

"कापून बघायलाच हवं, पोरी," ते म्हणाले. "आत काय आहे ते कळलं, तर सगळ्याच फळ्या शांत करता येतील."

"आजोबांचं एवढंच उरलंय, काका. बाकी सगळं आईनं देऊन टाकलं."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाराला मी चहा घेऊन येतो. तोवर कारण शोधलंस, तर करवत नाही. कबूल?"

आजोबांनी चाळीस वर्षं कापडगिरणीत काढली होती. तिथे माग इतके खडखडायचे, की माणसं नुसत्या ओठांनी बोलायची आणि डोळ्यांनी ऐकायची. गिरणी बंद पडली, तरी आजोबांच्या डोक्यातले माग थांबले नाहीत. नातीला त्यांनी ती ओठांची बोली शिकवली होती. उन्हाळ्यात ते गेले, तेव्हा ही फळी नुकतीच पुरी झाली होती. फळीवर एक छोटं स्टेशन होतं. बाकावर अंगठ्याच्या पेराएवढा टोपीवाला म्हातारा बसला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे डिंकाचा वाळलेला ठिपका होता.

विनीने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक एकेका फळीवर टेकवलं. सगळ्या घुमत होत्या. आजोबांच्या फळीवर तिला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

ती गुडघ्यांवर बसली. डोळे फलाटाच्या पातळीला आणले. गाडी आली, बाकासमोरून गेली.

बाकावर आता दोघं होती.

म्हाताऱ्याशेजारी लाल कोटातली मुलगी बसली होती. विनीच्या अंगातही लाल कोट होता. मुलीचा चेहरा मात्र अजून रंगवलेला नव्हता.

म्हाताऱ्याचे ओठ हलत होते.

'ये. इथे अगदी शांत आहे.'

विनीने ओठांनीच उत्तर दिलं.

'आत्ता नको, आजोबा. आई जेवायला वाट बघतेय.'

तिने चिमटीत धरून मुलगी उचलली. डिंकाची ओली तार लांबली आणि तुटली. म्हाताऱ्याचे ओठ मिटले.

दाराशी कपबश्या वाजल्या.

"काय गं, सापडलं का कारण?" काकांच्या एका हातात ट्रे होता, बगलेत करवत.

"हात पुढे करा, काका."

काकांनी ट्रे ठेवला आणि तळवा पुढे केला. विनीने त्यावर मुलगी ठेवली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांचं बोट थरथरू लागलं, मग मनगट. खट-खटाखट, खट-खटाखट.

"इथे येतो होय सगळा आवाज," ते कसेबसे म्हणाले. बगलेतली करवत खाली पडली. "कापत नाही मी. गाडी बंद कर, पोरी. बंद कर आधी."

"ती केव्हाचीच बंद आहे, काका."

काकांनी वळून पाहिलं. गाडी बोगद्याच्या तोंडाशी निश्चल उभी होती. त्यांच्या तळव्यावरची थरथर थांबली नव्हती.

विनीने ती लाल कोटातली मुलगी परत घेतली, आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि गळ्यापर्यंत एकेक बटण लावून टाकलं.