मुकी पट्टी

२००३ साल. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मी त्या खोलीत होते. भरदुपार होती.

आदल्या वर्षी माझी ताई गेली. जाताना म्हणाली, "पियानो तुझा. सांभाळ."

त्याची मधली एक पट्टी मुकी होती. तार तुटलेली. ताईने ती कधी बदलली नाही. बोट तिथे आलं, की तो सूर ती स्वतः लावायची. बारीक... नाकातून... "हं."

तिचा मुलगा सोन्या कॉम्प्युटरवर वाद्यांचे आवाज बनवायचा.

"मावशी, थोडे दिवस दे ना. एकेक सूर ऐकून तसाच आवाज तयार करतो. रेकॉर्डिंग नाही, सगळं गणित!"

"आणि पियानो?"

"परत. आईशप्पथ!"

उन्हाळा उलटला. शेवटी न सांगता त्याच्या खोलीवर गेले.

पियानो नव्हता.

भिंतीला त्याचं नुसतं झाकण टेकवलेलं... खाली चहाचे उष्टे कप.

"वाळवी होती गं. सुटा करून लाकूडवाल्याला दिला. पण ऐक तर, हुबेहूब झालाय!"

"आईची शपथ घेतली होतीस रे."

"आता आई कधी बेसूर होणार नाही, मावशी."

तो कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर ताईचं गाणं वाजवू लागला. अगदी तोच आवाज. पायाखालच्या पेडलची कुरकुरसुद्धा. माझे डोळे भरले, त्याचाच संताप आला.

"मुक्या पट्टीचं काय केलंस?"

"शेजारच्या सुरांवरून हिशेब करून भरली."

त्याने कीबोर्डवरची ती पट्टी दाबली...

काहीच नाही.

पुन्हा दाबली...

"हं."

बारीक. नाकातून.

सोन्याने हात उचलला. सूर थांबला नाही. मध्ये श्वास घेतल्यासारखं झालं... आणि पुन्हा, "हं."

त्याने स्पीकरची वायर उपटली.

सूर चालूच.

"मावशी... तू करतेयस?"

माझे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग त्याच्या कपाळावरचे केस हळूच मागे गेले... कुणी हाताने सारावेत तसे. ताई त्याला झोपवताना असंच करायची.

तो लहान मुलासारखा रडला. मी दारात उभी होते. माझ्याकडे कुणी आलं नाही.

सोन्याने तो आवाज बाजारात आणलाच नाही. लग्न केलं नाही. अजून त्याच खोलीत राहतो, दुपारी दार लावून घेतो. झाकण मी घरी आणलं. पियानोच्या जागी उभं केलंय. आता ऐंशी उलटली, तरी दुपारी त्याच्याशेजारी बसते.

परवा सोन्याचा फोन आला. त्याच्या बोलण्यामागे बारीक "हं" चालू होतं.

"ताई?" मी हाक मारली.

ते थांबलं...

मी फोन ठेवला नाही. तिकडून सोन्या हळूच म्हणाला, "मावशी, ठेव ना आता. तू असलीस की ती गप्प होते."