तीनपर्यंतच मोजणी

ही घटना अक्षरशः खरी आहे. यात पदरचा एक शब्दही नाही. चार साक्षीदार आहेत, चौघेही शिकलेले, पैकी तिघे इंजिनिअर.

आता त्या चौघांपैकी तिघेच म्हणतात की काहीतरी घडलं. चौथा म्हणतो, काहीच घडलं नाही.

आणि रडतो तो चौथाच.

ठिकाण ब्रेमेन. गेल्या नोव्हेंबरचा पहिला शनिवार. दुपारचे तीन. ही काही भुताखेतांची वेळ नव्हे, हे कबूल. पण नोव्हेंबरातला जर्मनीतला दुपारचा उजेड पाहून एखाद्या भुताचा गैरसमज झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

चौथा म्हणजे हृषिकेश. वय सेहेचाळीस, मुक्काम ब्राउनश्वाइग, नोकरी गाड्यांच्या ब्रेकची. दरवर्षी याच शनिवारी पाच जण कुठलं तरी शहर बघायला निघत. हॅनोव्हरचे राजाभाऊ, त्यांच्या पत्नी शोभनावहिनी, गिअरच्या कंपनांवर सहाव्या वर्षीही पीएचडी करत असलेला क्षितिज, हृषिकेश आणि त्याची बायको सुरुची.

या वेळी सुरुची नव्हती. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ऑफिसात बसल्या बसल्या तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. त्रेचाळीस वर्षांची होती.

सुरुचीला मोजायची सवय होती.

गाडीतून उतरलं, चर्चमधून बाहेर पडलं, कॉफी पिऊन उठलं, की ही सगळ्यांच्या मागे जायची. प्रत्येकाच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची आणि चारचौघांत, खणखणीत मराठीत मोजायची. राजाभाऊ एक. शोभनाताई दोन. क्षितिज तीन. हृषिकेश चार.

मग घाबरायची.

"अगंबाई! एक कमी!"

स्वतःला मोजायचं ती विसरायची. दर वेळी. सात वर्षांत सात शहरं झाली, पण एकदाही तिचे पाच भरले नाहीत. "अहो, आली बघा आपली जनगणना," असं शोभनावहिनी राजाभाऊंना म्हणायच्या, आणि सगळे हसत पुढे निघायचे.

ब्रेमेनच्या आदल्या वर्षी गोस्लारच्या चौकात हृषिकेशला त्याचा साहेब भेटला, जर्मन, सपत्नीक. हृषिकेश गंभीर चेहऱ्याने त्याच्याशी हवामानावर बोलत होता. इतक्यात मागून खांद्यावर दोन बोटं टेकली.

"चार!"

साहेब हसला. साहेबाची बायकोही हसली. हृषिकेशचं डोकं फिरलं.

"पुरे आता! बालवाडीची सहल आहे का ही? यापुढे मला मोजायचं नाही. कळलं?"

सुरुची त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

परतीच्या स्टेशनवर तिने मोजलं. एक. दोन. तीन.

आणि थांबली. घाबरली मात्र नाही.

हृषिकेशला वाटलं, आहे राग, जाईल. एवढ्याशा गोष्टीसाठी काय माफी मागायची? पुढच्या सहलीत मोजेलच की. म्हणून ते प्रकरण त्याने पुढच्या नोव्हेंबरवर ढकललं. जर्मनीत इतकी वर्षं काढली की माणसाला प्रत्येक गोष्टीची तारीख लांबचीच मिळायची सवय होते.

तर ब्रेमेन.

सकाळी अकराला चौघं गाडीतून उतरले. आणि प्लॅटफॉर्मवर नुसते उभे राहिले.

कुणी हलेना. 

चौघंही एकाच गोष्टीची वाट बघत होते, हे कळायला त्यांना अर्धं मिनिट लागलं.

"आल्झो... तर..." राजाभाऊ म्हणाले, "निघू या."

आधी श्नूर बघितलं. जुन्या मच्छीमारांची वस्ती, आता दुकानंच दुकानं. बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटावं लागतं. क्षितिज सगळ्यांच्या मागे होता.

अचानक तो थांबला.

"कागदाचा आवाज येतोय," तो म्हणाला.

"कसला कागद?"

"नकाशा उलगडल्यासारखा... मागे."

मागे कुणी नव्हतं. ओला बोळ, एक बंद दार, एक सायकल.

सुरुची फोनवरचा नकाशा कधी बघायची नाही. टूरिस्ट ऑफिसातला कागदी नकाशा घ्यायची, आणि तो पुन्हा नीट घडी घालणं तिला कधीच जमलं नाही.

"मलाही आला," शोभनावहिनी हळूच म्हणाल्या.

"मला नाही," हृषिकेश म्हणाला.

जेवण झालं. तीनला पाच मिनिटं असताना ते ब्योट्शरश्ट्रासं नावाच्या गल्लीत पोचले. तिथे दोन घरांच्या मधोमध चिनीमातीच्या घंटा टांगल्या आहेत. ठरल्या वेळी त्या आपोआप वाजतात. बघायला गर्दी जमते, आणि सगळे माना वर करून उभे राहतात.

हे चौघंही एका ओळीत उभे राहिले. पाठ भिंतीकडे. भिंत आणि त्यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा.

तीन वाजले.

घंटा किणकिणायला लागल्या. गल्ली गप्प झाली.

हृषिकेश घंटा बघत होता. त्याला डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त एवढं दिसलं, की राजाभाऊ एकदम ताठ झाले.

राजाभाऊ म्हणजे इथल्या टॅक्स ऑफिसचं पत्र चहा पिता पिता उघडणारा माणूस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्यांनी मान वळवली नाही. फक्त स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला...

मग शोभनावहिनी. त्यांचे डोळे आपोआप मिटले. ओठ हलले.

"हो गं. आहे मी."

मग क्षितिज. त्याच्या हातातला कॉफीचा कप पडला. कप पडल्याचं त्याला कळलंही नाही.

एक.

दोन.

तीन.

पुढचा उभा होता हृषिकेश.

तो हलला नाही. त्याने श्वास रोखला. पाठीमागे हातभर जागा होती. घंटा वाजत होत्या. थंडीत त्याचा उजवा खांदा एखाद्या कानासारखा जागा झाला होता.

काही नाही.

आणखी एक धून संपली.

काही नाही.

घंटा थांबल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते पांगले.

"हृषी... तुला?" शोभनावहिनींनी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"वहिनी, नक्की तीच होती?"

"दोन बोटं रे. असं मोजणारं दुसरं कोण आहे आपल्याला?"

"मग मी इथेच तर होतो. शेजारी!"

कुठे बघावं ते कुणाला कळेना. क्षितिज कप उचलायला वाकला आणि नको तितका वेळ वाकूनच राहिला.

"तू सांगितलं होतंस ना तिला, गोस्लारला," शोभनावहिनी कशाबशा म्हणाल्या. "ती ऐकणारी होती रे. दुसरं काही नाही."

"अगं, काय बोलतेस!" राजाभाऊ ओरडले.

पण हृषिकेश तोवर चालू लागला होता.

टाउन हॉलच्या बाजूला ब्रेमेनचा तो प्रसिद्ध पुतळा आहे. गाढव, त्याच्यावर कुत्रा, मग मांजर, वर कोंबडा. गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची असते. एकाच हाताने धरलं तर एक गाढव दुसऱ्याला भेटलं, असं इथले लोक म्हणतात. लोकांच्या हातांनी ते पाय सोन्यासारखे चकाकतात.

हृषिकेश रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर त्याने दोन्ही हातांनी पाय धरले. पाठ चौकाकडे केली. खांदे मोकळे सोडले.

"चुकलो," तो म्हणाला. "सुरुची, मलाही मोज ना."

मराठीत म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

थांबला.

थांबूनच राहिला.

शेवटी मागून एका जर्मन आजीने विचारलं, जरा लवकर होईल का, बाकीच्यांनाही फोटो काढायचे आहेत.

तिघांनी त्याला हाताला धरून बाजूला नेलं. राजाभाऊ आता कुठेही गेले तरी भिंतीला पाठ लावून बसतात. क्षितिजने तर्कशुद्ध कारण शोधायचा प्रयत्न केला. थंडी, कंपनं, समूहाचा भ्रम. पण तिघांच्या खांद्यांना धरणारा आणि चौथ्याचा वगळणारा भ्रम कसा असतो, ते त्याला अजून सापडलेलं नाही. त्या गल्लीतला एक व्हिडिओ आहे. त्यात चौघं दिसतात, मागे भिंत दिसते. बाकी काही नाही.

परतीची गाडी मिळाली. वाटेत शोभनावहिनींना झोप लागली. हृषिकेश खिडकीला कपाळ टेकून, डोळे मिटून बसला होता.

आणि खांद्यावर बोटं टेकली.

दोन.

त्याने डोळे उघडले नाहीत. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"चार," तो पुटपुटला.

"तिकीट, प्लीज," मागून जर्मनमध्ये आवाज आला.

तिकीट तपासायला आलेली बाई होती. हृषिकेशने खिशातून तिकीट काढून दिलं. एका दिवसाचं, सगळ्यांचं मिळून एकच. त्याच्यावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. ती सवयीने त्यानेच सकाळी लिहिली होती.

बाईने नावं वाचली. माणसं बघितली. पुन्हा नावं वाचली.

"पाच नावं आहेत. पाचवी व्यक्ती कुठे आहे?"

राजाभाऊ बाहेर बघू लागले. बाहेर अंधार होता.

"नाही आली," हृषिकेश म्हणाला.

"काही हरकत नाही," बाई म्हणाली आणि तिने शिक्का मारला. "हे तिकीट पाच जणांपर्यंत आहे. कमी असले तरी चालतं."